पृथ्वीच्या पोटातलं टिंब

देवराव मास्तरांनी आयुष्यात एकच गोष्ट ठामपणे केली होती. ते फळ्यावर पृथ्वी काढायचे आणि तिच्या पोटात, बरोबर मधोमध, खडू मोडेल इतक्या जोरानं एक टिंब द्यायचे. मग वर्गाकडं वळून विचारायचे, "उपग्रहाचं अंतर कुठून मोजायचं?"

खाप्याच्या हायस्कुलातली चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "टिंबापासून!"

"आन जमिनीपासून मोजलं तं?"

"शून्य!"

मास्तरांच्या शाळेत बारा वर्षांत तीन हेडमास्तर बदलले, बाकं बदलली, अभ्यासक्रम दोनदा बदलला; टिंब काही बदललं नाही. बाकी सगळ्या बाबतीत मात्र मास्तर अगदी मऊ माणूस. हेडमास्तर म्हणाले आज सोमवार आहे, तर मास्तर रविवारीसुद्धा "हो, तसाच वाटतोय खरा" म्हणणार. घरी पत्नी रुखमाबाईंपुढं तर त्यांना आठवड्याचे वारही स्वतःचे स्वतः ठरवायची मुभा नव्हती. म्हणूनच कदाचित बिचाऱ्यांनी आपला सगळा कणा त्या एका टिंबात साठवून ठेवला होता.

सन पंच्याहत्तरच्या एप्रिलात भारताचा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि नागपुरात एकाएकी शास्त्रज्ञांचं पीक आलं. पानठेल्यावर विडा लावणारासुद्धा कक्षा आणि प्रदक्षिणा यांवर बोलू लागला. अशा हंगामात नागविदर्भ विज्ञानवर्धक मंडळ मागं कसं राहील? मंडळाचे अध्यक्ष प्राचार्य आनंदराव. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण नावामागचं 'प्राचार्य' त्यांनी अजून खाली उतरवलं नव्हतं. त्यांनी दोन महिन्यांत उपग्रहावर सव्वीस व्याख्यानं ठोकली, एक पुस्तिका लिहिली, आणि मंडळाच्या दरवर्षीच्या प्रज्ञा परीक्षेत दहावा प्रश्न स्वतःच्या हातानं घातला: पृथ्वीपासून सहाशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढा. गुण दहा.

ही प्रज्ञा परीक्षा म्हणजे काही साधीसुधी नव्हती. मॅट्रिक झालेली मुलं त्या परीक्षेला बसत आणि पहिल्या दहांना नागपुरातल्या कॉलेजची फी आणि वसतिगृहाचं राहणं-खाणं मंडळाकडून मिळे. त्या वर्षी खाप्याहून सहा जण बसले. त्यांत वच्छला होती.

वच्छला ही चंपतराव विणकराची मुलगी. मास्तरांना तिच्याइतकं डोकं असलेलं पोर उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं. तिला लॉगचं पुस्तक लागत नसे. वर्गमूळ ती भागाकाराच्या रीतीनं काढायची, वहीच्या पानावर आकड्यांची पायरीपायरीची शिडी उतरवत, आणि शेवटी पडताळा घेतल्याशिवाय पान उलटायची नाही. चंपतराव माणूस वाईट नव्हता, पण हिशेबाला सरळ होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो मास्तरांना म्हणाला होता, "सर, पोट्टी हुशार हाये, हे मले मालूम हाये. पण नागपूरचा खर्च माह्या मागातून निघत नाई. पहिल्या दहात आली तं जाईन नागपूरले. नाई तं घरी कांड्या भरणारं कोनी पायजेच हाये."

कांड्या भरायच्या म्हणजे चरख्यावर छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून बापाच्या मागावरच्या धोट्यासाठी तयार ठेवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातानं धागा धरायचा. डोकं लागत नाही. मास्तर छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "चंपतराव, पोरगी पहिल्या पाचात येते. माहा शब्द हाये."

मास्तरांचा शब्द. तर आता त्या शब्दाचं काय झालं ते ऐका.

जुलैच्या पहिल्या रविवारी पेपर तपासणीसाठी चौदा परीक्षकांना नागपुरात धंतोलीत बोलावलं होतं. मास्तर पहाटेच्या एस.टी.नं निघाले. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. आनंदरावांच्या सहीचं. मंडळाचा यंदाचा 'आदर्श विज्ञान शिक्षक' सन्मान आपल्याला देण्याचा विचार असून अंतिम निर्णय तपासणी सुरळीत पार पडल्यावर होईल, असं त्यात लिहिलं होतं. शाल, श्रीफळ, ताम्रपट. रुखमाबाईंनी पत्र आल्या दिवशीच शेजारणींना सांगून टाकलं होतं आणि ताम्रपटासाठी भिंतीवर खिळाही ठोकून घेतला होता. एकदा खिळा ठोकला म्हटल्यावर माणसाला मागं फिरता येत नाही.

सभागृहात आधी तर्री-पोहे झाले, मग चहा झाला, मग आनंदराव उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना एकेक चक्रमुद्रित कागद वाटला. त्यावर दहाही प्रश्नांची नमुना उत्तरं होती. नमुना उत्तर म्हणजे काय, हे ज्यानं कधी पेपर तपासले नाहीत त्याला कळायचं नाही. पोरानं लिहिलेलं बरोबर की चूक हे निसर्ग ठरवत नाही, त्या कागदावरून ठरतं.

दहाव्या उत्तराशी आल्यावर मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. तिथं लिहिलं होतं: सेकंदाला २५.७ किलोमीटर.

त्यांनी मनातल्या मनात पुन्हा मांडणी केली. पृथ्वीची त्रिज्या सहा हजार तीनशे सत्तर, वर सहाशे, म्हणजे टिंबापासून सहा हजार नऊशे सत्तर. वेग येतो साडेसात किलोमीटर. पंचवीस कुठून आले? मग त्यांच्या लक्षात आलं. प्राचार्यांनी सहाशेच घेतले होते. नुसते सहाशे. जमिनीपासून. ज्या चुकीला खाप्यातलं पोर शून्य म्हणून ओरडायचं, ती चूक इथं टाइप होऊन, शिक्का मारून, चौदा प्रतींत वाटली गेली होती.

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. आणखी दोघातिघांचे चष्मे घसरलेले दिसले. पण सगळे कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूचा बारकाईनं अभ्यास करत होते.

"सर, हे दहावं उत्तर चुकलं आहे," एक आवाज आला.

सिंधूताई. नागपुरातल्याच एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वय तिशीच्या आत, त्यामुळं कुठं गप्प बसावं याचं शिक्षण अजून अपुरं होतं. त्या थेट फळ्यापाशी गेल्या, पृथ्वीचा गोल काढला आणि म्हणाल्या, "अंतर केंद्रापासून घ्यायला हवं. आपण नुसते सहाशे घेतले. केंद्रापासून सहाशे म्हणजे हे इथं." आणि त्यांनी पृथ्वीच्या गोलाच्या आत एक इवलंसं वर्तुळ काढलं. "म्हणजे सर, आपला उपग्रह जमिनीच्या पोटातून फिरून राहिला."

कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच खोकला काढला.

आनंदराव रागावले नाहीत. मोठी माणसं लहान माणसांवर एकदम रागावत नाहीत, आधी कीव करतात. ते म्हणाले, "बाई, तुमच्या मते वेग किती?"

"साडेसात."

"साडेसात!" आनंदरावांनी सभागृहाकडं पाहून मान हलवली. "मंडळी, माझ्या सव्वीस व्याख्यानांत मी लोकांना सांगितलं आहे की आपला उपग्रह सीताबर्डीवरून निघाला तर एका सेकंदात कन्हानचा पूल ओलांडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता मी त्यांना काय सांगू? की नाही हो, तो एका सेकंदात जेमतेम सोनेगावच्या विमानतळापर्यंत पोचतो? तिथपर्यंत तर सायकल रिक्षा जाते!"

हशा झाला. विज्ञानाच्या सभेत एकदा हशा झाला की अर्धं काम होतं.

सिंधूताई मागं हटल्या नाहीत. "सर, सेकंदाला अकरा किलोमीटरच्या वर वेग गेला तर वस्तू पृथ्वीला सोडून कायमची निघून जाते. पंचवीसनं गेला असता तर तो राहिला असता का इथं?"

"तरीही तो राहिला," आनंदराव गंभीरपणे म्हणाले, "आणि हाच तर भारतीय शास्त्रज्ञांचा पराक्रम आहे."

टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. मास्तरांच्या हातांनीही दोन वाजवल्या, सवयीनं.

"वर्तमानपत्रात छापून आलं होतं," सिंधूताई म्हणाल्या, "शहाण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा. ते फक्त साडेसातशीच जुळतं. तुमच्या हिशेबानं तर अडीच मिनिटांतच एक फेरी होते."

"वर्तमानपत्रात खिळे जुळवणारे जुळारी किती चुका करतात, हे तुम्हाला ठाऊक नाही," आनंदराव म्हणाले. "माझी पुस्तिका मात्र मी स्वतः तीनदा तपासली आहे. दोन हजार प्रती छापून झाल्या आहेत. त्यात पंचवीस पूर्णांक सात आहे."

आता सगळ्यांनाच अडचण नीट कळली. उपग्रहाचा वेग एक वेळ बदलता आला असता, दोन हजार प्रती कशा बदलणार?

भंडाऱ्याहून आलेले एक शांतताप्रिय गृहस्थ उठले. तंटा वाढू नये म्हणून त्यांनी तोडगा सुचवला: पंचवीस आणि साडेसात यांची सरासरी काढावी, साडेसोळाच्या आसपास काय येईल ते बरोबर धरावं, दोन्ही पक्षांचा मान राहील. यावर दहा मिनिटं गांभीर्यानं चर्चा झाली. आकाशात एक निर्जीव गोळा आपल्या वाटेनं मुकाट्यानं फिरत होता आणि खाली धंतोलीत त्याचा भाव ठरत होता.

सिंधूताईंच्या डोळ्यांत आता पाणी यायचं तेवढं बाकी होतं. त्या एकदम मास्तरांकडं वळल्या. "देवराव सर, तुम्ही सांगा ना. तुमचे पोट्टे दरवर्षी पृथ्वीत टिंब देते, मी तुमच्या सेंटरचे पेपर पाहिले हायेत. तुम्हीच शिकवता ना हे? मग बोला ना! काहून गप्प आहात?"

तेरा माना मास्तरांकडं वळल्या. आनंदरावही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शाल होती. निदान मास्तरांना तरी ती तिथं स्पष्ट दिसली.

मास्तर उठले. त्यांनी घसा साफ केला. जिभेवर 'टिंब' हा शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत आला होता. एवढं एकच तर त्यांना आयुष्यात ठामपणे म्हणता यायचं. ते म्हणाले, "विषय दोन्ही अंगांनी विचार करण्यासारखा आहे." आणि खाली बसले.

मंडळाचे चिटणीस महादेवराव यांनी मग रीतसर मत घेतलं. नमुना उत्तर कायम ठेवावं असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत. त्या पावसाळ्यात साऱ्या देशातच हात वर करणं आणि तोंड बंद ठेवणं ही दोन्ही कामं लोक एकदमच शिकून राहिले होते, त्यामुळं फारसा वेळ लागला नाही. बारा हात सरळ वर गेले. मास्तरांचा तेरावा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच कानामागं खाजवल्यासारखा थांबला. देवाला हात वर नेल्याचं दिसू नये आणि आनंदरावांना दिसावं, असा त्याचा बेत होता. महादेवरावांनी तो मोजला. सिंधूताई पिशवी उचलून निघून गेल्या, तेव्हा इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहायलाही काही हरकत उरली नाही.

अशा रीतीनं उपग्रहाचा वेग मंजूर झाला.

दुपारी गठ्ठे वाटले गेले. उत्तरपत्रिकांवरची नावं चिकटपट्टीनं झाकलेली होती आणि सगळी केंद्रं एकमेकांत मिसळलेली. मास्तर खाली मान घालून तपासत राहिले. बहुतेक मुलांनी दहावा प्रश्न सोडूनच दिला होता. आनंदरावांच्या रविवारच्या वर्गाला जाणाऱ्या नागपूरच्या मुलांनी मात्र घोटून घोटून पंचवीस पूर्णांक सात लिहिलं होतं. त्यांना दहा दहा.

तिसऱ्या गठ्ठ्यातली चौथी उत्तरपत्रिका त्यांनी उघडली आणि पहिल्याच पानावर ओळखली. वर्गमुळाची ती पायरीपायरीची शिडी सबंध विदर्भात दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं. आपल्या विद्यार्थिनीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून मास्तर जास्तच कडक झाले. इथं आकृती जरा तिरकी, एक गुण वजा. इथं खाडाखोड, एक वजा. नऊ प्रश्न सगळे बरोबर, पण निःपक्षपातीपणाच्या भरात त्यांनी नव्वदातले सहा कापले. मग दहावा आला.

पानाच्या मधोमध पृथ्वीचा गोल होता. गोलात टिंब. टिंबाशेजारी बाण काढून लिहिलं होतं, 'अंतर इथून'. खाली सगळी रीत, एकेक पायरी, उत्तर सेकंदाला साडेसात किलोमीटर. आणि त्याच्याही खाली, पोरगी कसली ऐकते, चौकटीत पडताळा: 'या वेगाने एका प्रदक्षिणेस साडेशहाण्णव मिनिटे लागतात. वर्तमानपत्रात शहाण्णव मिनिटे आले होते. म्हणून उत्तर बरोबर.'

मास्तर त्या चौकटीकडं पाहत बसले. त्यांना अभिमान वाटला. इतका वाटला की क्षणभर ते कुठं बसले आहेत हेच विसरले. मग महादेवरावांची चाहूल लागली; चिटणीस टेबलाटेबलावरून फिरत दहाव्या प्रश्नाचे गुण नमुन्याप्रमाणं पडतात की नाही ते जातीनं पाहत होते. मास्तरांनी लाल पेन उचललं आणि टिंबाच्या शेजारी शून्य काढलं. महादेवराव म्हणाले, "व्वा," आणि पुढं गेले.

मागच्या नऊ प्रश्नांत कापलेले सहा गुण परत द्यावेत असं त्यांच्या मनात आलं होतं. पण प्रत्येक दुरुस्तीवर सही करावी लागते आणि सही पाहून लोक विचारतात. त्यांनी बेरीज केली. चौऱ्याऐंशी. संध्याकाळी मोठा तक्ता भरला गेला, तेव्हा दहाव्या नंबराला शहाऐंशी गुण होते. चौऱ्याऐंशीचा आकडा अकराव्या ओळीत होता. दहाव्या ओळीखाली महादेवरावांनी पट्टीनं लाल रेघ ओढली.

पंधरा ऑगस्टला समारंभ झाला. आनंदरावांनी पुस्तिकेचं प्रकाशन स्वतःच्याच हस्ते केलं आणि उपग्रह पुन्हा एकदा सीताबर्डीवरून कन्हानला पाठवला. मग शाल आली, श्रीफळ आलं, ताम्रपट आला. ताम्रपटावर कोरलं होतं: 'अचूकतेचे व्रत आयुष्यभर जपल्याबद्दल'. टाळ्यांत सगळ्यांत मोठी टाळी मागच्या रांगेतून येत होती. मास्तरांनी मान उंचावून पाहिलं. वच्छला उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी चंपतराव धुतलेलं धोतर नेसून, टोपी हातात घेऊन उभा होता. मंडळ गुण कुणाला सांगत नसे. दारात दहा नावांची यादी लावली होती आणि ती दोघं आत येतानाच वाचून आली होती.

बाहेर चंपतरावानं मास्तरांना गाठलं. "सर, पोट्टीनं तुमचं नाव खराब केलं. माफ करजा. तुमी शब्द देला होता, ते कमी पडली." आणि वच्छलानं वाकून मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तरांच्या खांद्यावरची शाल घसरून तिच्या पाठीवर पडली. ती त्यांनी घाईघाईनं उचलली.

पुढचे पंधरा दिवस मास्तर चंपतरावाच्या गल्लीतून गेले नाहीत. बाजाराला जायचं तर नदीकडून लांबचा वळसा घालायचे. रुखमाबाईंनी विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे. वर्गात उपग्रहाचा धडा आला तेव्हा त्यांनी पृथ्वी काढली आणि खडू हातात धरून उभेच राहिले. पोरं वाट पाहून पाहून आपणहून ओरडली, "टिंबापासून!" मास्तर म्हणाले, "धडा घरी वाचून या."

एक दिवस वच्छलाचा धाकटा भाऊ शाळेत निरोप घेऊन आला. ताईनं बोलावलंय, पाच मिनिटं. आता नाही कसं म्हणणार?

दारातूनच मागाचा खटखटाट ऐकू येत होता. चंपतराव आत मागावर बसला होता आणि ओसरीवर वच्छला चरख्याशी. उजव्या हातानं चाक फिरत होतं, डाव्या हातातून सूत सरकत होतं, शेजारी टोपलीत भरलेल्या कांड्यांचा ढीग. सरांना पाहून ती लगबगीनं उठली, हात पदराला पुसले आणि कोनाड्यातून कागदांची एक गुंडाळी घेऊन आली.

"सर, बसा ना. एक काम होतं. मी पेपर पुन्हा सोडवला. तिथं जसा लिहिला होता तस्साच, आठवून आठवून. तीनदा केला. कुठी चुकली मी, ते सापडूनच नाही राहिलं. तुम्ही पाहता का? चूक समजली तं जीवाले बरं वाटन."

मास्तरांनी कागद घेतले. एक, दोन, तीन, चार. नऊ प्रश्न होते. त्यांनी पुन्हा मोजले.

"दहावा?"

"तो नाही केला, सर," वच्छला म्हणाली. "तो उपग्रहाचा. त्याचा तं पडताळा जुळला होता. आन तो तुम्ही शिकवला होता."

आत माग थांबला. चंपतराव धागा सांधत असावा. मास्तरांना वाटलं, आता सांगावं. दोन वाक्यांचं तर काम होतं. बाळ, तू बरोबर होतीस. शून्य मी दिलं. एवढं बोललो तर मी सुटेन, हे त्यांना लख्ख कळत होतं. लाजेनं त्यांचे कान तापले होते. पण मग चंपतराव बाहेर येईल, काहून म्हणून विचारील. मग धंतोली, मग कानामागं गेलेला हात, मग ताम्रपट, मग खिळा. मास्तरांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं आणि ओसरीवर मांडी घालून पोरीचे नऊ प्रश्न तपासायला घेतले.

असा पेपर त्यांनी आयुष्यात तपासला नव्हता. प्रत्येक ओळ दोनदा वाचली. प्रत्येक वर्गमूळ पुन्हा काढलं. एक तरी चूक सापडू दे, असं देवाजवळ मागत ते पायरीपायरीनं ती शिडी उतरत राहिले. पोरगी श्वास रोखून समोर बसली होती. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. चौथा, पाचवा, सगळे बरोबर. सातव्या प्रश्नाच्या शेवटी त्यांचं पेन थबकलं. लंबकाचा काळ काढला होता, आकडा अचूक होता, पण आकड्यापुढं 'सेकंद' लिहायचं राहून गेलं होतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते लिहिलेलं होतं. मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे पाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी ठाम निघाला. "सेकंद कुठी हाये?"

वच्छलानं वाकून पाहिलं. तिनं कपाळावर हात मारला. "बाप्पा! तिथंबी असंच सुटलं असन!"

"असंच सुटलं असन," मास्तर म्हणाले. "स्पर्धेची परीक्षा आहे. एका मार्कानं जाते."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पंधरा दिवस जिवाला लागलेला घोर उतरला होता. "बाबा, सापडलं!" ती आत ओरडली. "माहीच चूक होती!" मग मास्तरांना म्हणाली, "बरं झालं तुम्ही आले, सर. दुसऱ्या कोणाले हे दिसलंच नसतं."

आत माग पुन्हा सुरू झाला. मास्तरांनी आकड्याभोवती लाल गोल काढला आणि कागद परत केले. वच्छलानं त्या गोलात नीट अक्षरात 'सेकंद' लिहिलं, गुंडाळी कोनाड्यात ठेवली आणि चरख्यावर जाऊन बसली.